सवलत जमिनीला की माणसाला?

न्यू जर्सीत घर घेतल्याला वर्षही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. पोस्टमन सही घेऊन एक पाकीट देऊन गेला. आत दोन पानांची नोटीस होती. आमच्या मागच्या जमिनीच्या मालकाला तिचे चार प्लॉट पाडून प्रत्येकावर एकेक घर बांधायचे आहे, त्यासाठी त्याला नियमांतून काही शिथिलता हवी आहे, अमुक तारखेला संध्याकाळी साडेसातला टाउनशिपच्या सभागृहात सुनावणी आहे आणि नकाशे कार्यालयात पाहायला ठेवले आहेत, असा मजकूर. आधी वाटले, आपण कशात तरी अडकलो. परदेशात सरकारी कागद आला की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. नाव मुसलमानी असेल तर तो जरा मोठा असतो. शेजाऱ्याने समजावले तेव्हा जीव भांड्यात पडला. तिथल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे अशा जमिनीपासून २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे, त्या प्रत्येकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी कळवावेच लागते. कळवले नाही, तर बोर्डाला ती सुनावणी घेण्याचा अधिकारच पोचत नाही.

या वेळी मोहल्ल्यांतल्या लेआउटांवर संपादकीय लिहायचे ठरले, आणि मला ते पाकीट आठवले. म्हणून ती हकिगत आधी सांगतो. आपल्याकडच्या गोष्टीचा तिच्याशी काय संबंध, ते पुढे येईलच.

जमीन अडीच एकरांची. रस्त्याच्या बाजूला ३४० फूट रुंद, मागे उतरती, आणि उताराच्या तळाशी ओढा. ओढ्यापलीकडे आम्ही. त्या भागाच्या झोनिंगप्रमाणे प्रत्येक प्लॉटला रस्त्याकडून १०० फूट रुंदी हवी आणि घर रस्त्यापासून ४० फूट मागे हवे. मालकाने चार प्लॉट पाडले होते: दोन १०० फुटांचे, दोन ७० फुटांचे. शिवाय चारही घरे ४० ऐवजी २५ फुटांवर बांधण्याची परवानगी मागितली होती. म्हणजे शिथिलता दोन प्रकारची, एक रुंदीतली आणि एक समोरच्या अंतरातली. तिथे याला व्हेरियन्स म्हणतात. आपल्या नगररचना कार्यालयांत शिथिलता, सवलत, कधी नुसतेच ‘रिलॅक्सेशन’.

खरे सांगायचे तर मी विरोध करायलाच निघालो होतो. माझ्या खिडकीतून झाडे दिसत, ती जाणार म्हणून. हे कारण बोर्डासमोर चालणार नाही हे कळत होते, म्हणून मी एक यादी केली: वाहतूक, पाणी, आणि शेवटी ‘परिसराचे स्वरूप बदलेल’. तो शेवटचा मुद्दा सगळेच लिहितात, असे ऐकले होते.

बोर्डावर बहुतेक गावातलीच, बिनपगारी माणसे. एक शिक्षिका, एक निवृत्त अग्निशमन कर्मचारी, एक वास्तुविशारद, असे नऊ जण. बाजूला बोर्डाचा वकील आणि बोर्डाचा इंजिनियर. अर्जदाराच्या इंजिनियरने शपथ घेऊन नकाशा समजावला. त्यानंतर लोकांनी त्याला प्रश्न विचारायचे. मते नंतर, आधी फक्त प्रश्न. सगळे ध्वनिमुद्रित. मी रोज कोड रिव्ह्यू करणारा माणूस, आणि हे मला फार ओळखीचे वाटले. नियमाला अपवाद करायचा असेल तर कर, पण तो का केला हे लिहून ठेव. नाहीतर दोन वर्षांनी तो कोणालाच समजणार नाही आणि काढताही येणार नाही.

शिथिलता मागायला त्या कायद्यात मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली अडचणीची. जमीन अरुंद आहे, वेडीवाकडी आहे, उताराची आहे, आणि त्यामुळे नियम जसाच्या तसा लावला तर मालकावर अन्याय होतो. यात अडचण जमिनीची असावी लागते. मालकाला कर्ज आहे, मुलीचे लग्न आहे, चौथ्या घराशिवाय हिशेब बसत नाही, ही अडचण धरली जात नाही. दुसरी वाट लाभाची. नियम थोडा वाकवला तर त्या जमिनीचे नियोजन सगळ्यांसाठीच अधिक चांगले होईल आणि तो लाभ तोट्याहून मोठा असेल, तर शिथिलता देता येते. या वाटेचा अर्थ १९८८ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉरन टाउनशिपच्या कॉफमन खटल्यात लावला. तोही प्लॉट पाडण्याचाच वाद होता. न्यायालयाचे म्हणणे असे की मालकाचा फायदा पाहू नका. त्या जमिनीत गावाला चांगले नियोजन मिळण्याची संधी आहे का, ते पाहा. आणि वाट कोणतीही असो, सार्वजनिक हिताला मोठी हानी होत नाही हे अर्जदारालाच दाखवावे लागते.

ही मोजपट्टी लावली की एकाच अर्जातल्या दोन मागण्या वेगळ्या दिसू लागतात. घरे रस्त्याकडे १५ फूट पुढे आणली तर मागचा उतार कमी खणावा लागतो, ओढ्याच्या काठचा पट्टा मोकळा राहतो, झाडे वाचतात. ही मागणी जमिनीतूनच आली होती. ७० फुटांचे दोन प्लॉट मात्र जमिनीतून आले नव्हते. तीन प्लॉट पाडले असते तर प्रत्येकाला १०० फुटांहून जास्त रुंदी सहज मिळाली असती. बोर्डावरच्या शिक्षिकेने नेमका तोच प्रश्न विचारला: चौथे घर नसले तर ही जमीन निरुपयोगी होते का? अर्जदाराचा वकील बराच वेळ बोलला, पण उत्तर ‘नाही’ असेच होते.

माझी पाळी आली तेव्हा मी पाण्याचे विचारले. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाचा पाऊस झाला, तेव्हा ओढा फुगून पाणी आमच्या तळघराच्या पायरीपर्यंत आले होते. मोबाइलमधला फोटो दाखवला. चार छपरे, चार गाड्यांच्या वाटा, एवढे पाणी कुठे जाईल? इंजिनियर म्हणाला, ओढ्यात. बोर्डाच्या इंजिनियरने मान वर केली आणि पुढची वीस मिनिटे त्या एका शब्दावर गेली. माझे इंग्रजी काही फार सफाईदार नव्हते. पण प्रश्न जमिनीचा होता, त्यामुळे कोणी माझ्या उच्चारांकडे पाहिले नाही.

त्यानंतर एक वयस्क बाई उठल्या. त्यांचा प्रश्न होता, ही घरे कोण घेणार? ‘एकाच घरात सगळे खानदान राहणारे’ लोक आले तर रस्त्यावर गाड्याच गाड्या लागतील. सभागृहात एकदोघांनी माझ्याकडे पाहिले, किंवा मला तसे वाटले. बोर्डाच्या वकिलाने त्यांना मध्येच थांबवले. आवाज न चढवता त्याने सांगितले की बोर्ड जमीन पाहते, इमारत पाहते, वापर पाहते. घर कोण विकत घेणार हा बोर्डाचा विषय नाही आणि त्यावर काही नोंदवले गेले तर निर्णय कोर्टात टिकणार नाही. मी खिशातली यादी काढली. ‘परिसराचे स्वरूप’ हा माझा मुद्दा त्या बाईंच्या प्रश्नाचाच धाकटा भाऊ होता. तो खोडला.

दुसऱ्या सुनावणीत अर्जदार तीन प्लॉट घेऊन आला. समोरच्या अंतराची शिथिलता मिळाली, रुंदीची मागणी उरलीच नाही. छपराचे पाणी ज्याच्या त्याच्या प्लॉटमध्येच जिरवण्याची अट पडली. काही आठवड्यांनी लेखी ठराव झाला: कोणी काय सांगितले, बोर्डाने काय ग्राह्य धरले, कशासाठी. झाडे काही माझ्या मनासारखी सगळी वाचली नाहीत.

हे वाचून कोणी म्हणेल, साहेब अमेरिकेचे गोडवे गातायत. तसे नाही. ज्या कॉफमन खटल्याचा उल्लेख केला, त्याच सॉमरसेट काउंटीत वॉरनजवळ बर्नार्ड्‌स टाउनशिप आहे. तिथल्या बास्किंग रिजच्या इस्लामिक सोसायटीने २०१२ मध्ये चार एकरांवर मशीद बांधायला अर्ज केला. त्या जागेवर प्रार्थनास्थळाला झोनिंगने मुभा होती. तरी ३९ सुनावण्या झाल्या. १५० नमाजींसाठी, गावाच्या चर्चना लागू असलेल्या हिशेबाने, दर तिघांमागे एक अशा ५० गाड्यांची जागा पुरेशी होती. बोर्डाने १०७ मागितल्या. अर्ज फेटाळला गेला. संस्थेचे अध्यक्ष त्याच गावाचे माजी महापौर होते, त्याचाही उपयोग झाला नाही. म्हणजे उघड सुनावणी, शपथ, वकील हे सारे असूनही नियमाचा दगड करून मारता येतो. आणि हा दगड जुना आहे. १९७५ च्या माउंट लॉरेल निकालात न्यू जर्सीच्याच न्यायालयाला सांगावे लागले की मोठमोठ्या प्लॉटांचे नियम करून गावांनी गरिबांना बाहेर ठेवू नये.

पण बास्किंग रिजची पुढची गोष्टही पाहायला हवी. संस्था कोर्टात गेली, पाठोपाठ अमेरिकेच्या न्याय खात्यानेही दावा केला. चर्चला एक हिशेब आणि मशिदीला दुसरा, हे दाखवायला फारसे खणावे लागले नाही. ते बोर्डाच्याच कागदांवर लिहिलेले होते. २०१६ च्या ३१ डिसेंबरला पार्किंगच्या मुद्द्यावर निकाल संस्थेच्या बाजूने लागला. २०१७ मध्ये टाउनशिपने मशिदीला परवानगी आणि ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली. अन्याय लिहून ठेवलेला होता, म्हणून तो सिद्ध करता आला.

आता आपल्याकडे येऊ. शिथिलतेचा नियम आपल्याकडे नाही असे कोणी समजू नये. मुंबईची २०३४ ची विकास नियंत्रण नियमावली घ्या, किंवा डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेली एकत्रित नियमावली घ्या. दोन्हींत आयुक्तांना किंवा नियोजन प्राधिकरणाला तो अधिकार आहे. अडचण उघड दिसत असेल तर कारणे लेखी नोंदवून मोजमापांत शिथिलता द्यावी. आरोग्य, आग, इमारतीची मजबुती आणि शेजाऱ्यांची सुरक्षितता यांना धक्का लागू नये. वाचायला न्यू जर्सीच्या कायद्याहून फार वेगळे नाही. फरक पुढे सुरू होतो. शेजाऱ्याला पाकीट येत नाही. सुनावणी नाही. नकाशा कुठे पाहायचा ते ठाऊक नाही. फाइल आर्किटेक्टच्या हातातून आत जाते आणि बाहेर येते. आत तिचे काय झाले, ते बाहेर कोणाला कळत नाही.

मराठवाड्यातल्या एका शहरात माझे मामू राहतात. त्यांचा लेआउट रीतसर मंजूर आहे, याचा त्यांना अभिमान आहे आणि तो रास्तही आहे, कारण आजूबाजूच्या वस्त्या गुंठेवारीच्या. तिथे शंभर रुपयांच्या बाँड पेपरवर गुंठा गुंठा विकला गेला. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची सोय केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. वीस वर्षे लोक घरात राहतात आणि मग त्यांना शिथिलता मिळते. रस्ता, गटार, मोकळी जागा यांचा प्रश्न तोवर काँक्रीटखाली गेलेला असतो. मामूंच्या मंजूर लेआउटमध्ये तरी असे नको होते. नकाशात मोकळी जागा आहे, ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये ती १० टक्के सोडावीच लागते. जागेवर तिथे चार मजली इमारत आहे. आतला रस्ता ९ मीटरचा हवा होता, तो नकाशात ६ मीटर झाला आणि जागेवर चारसाडेचार उरला. मागे नाला. अडचणीची जमीन, हे मान्य. पण नाल्यामुळे रस्ता अरुंद करायचा तर प्लॉट कमी करायला हवे होते. तिथे रस्ता कमी झाला आणि प्लॉट वाढले. दोन वर्षांपूर्वी नानींचा जनाजा निघाला तेव्हा वळणावर खांदा बदलायला जागा नव्हती. अग्निशमनाची गाडी तर सोडूनच द्या.

मी मामूंना विचारले, तुम्ही त्या वेळी हरकत का घेतली नाही? ते म्हणाले, “बेटा, बिल्डर आपला माणूस. त्याने मशिदीला पंखे दिले, मदरशाला बोअर मारून दिली. त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करणार? आणि आपल्याला शहरात दुसरीकडे घर देतो कोण?”

मामूंच्या या दोन वाक्यांचा एकत्र विचार करायला हवा. दुसरे वाक्य खरे आहे आणि त्याची लाज आपल्याला नाही, शहराला वाटायला हवी. १९९२-९३ नंतर मुंब्रा वाढले ते हौसेने नाही. जागा न मिळणारा माणूस नाल्याकाठची, उताराची, आरक्षणातली, म्हणजे बाकी शहराने टाकलेली जमीन घेतो. अडचणीच्या जमिनीवर सर्वांत जास्त आपणच राहतो, म्हणून शिथिलतेची गरजही सर्वांत जास्त आपल्यालाच आहे. पहिले वाक्य मात्र आपले आपणच केलेले. सवलत माणसाच्या ओळखीवर मिळते हे आपण स्वीकारले आहे. तक्रार एवढीच की ओळख आपली चालत नाही. ज्या दिवशी ती चालते, त्या दिवशी आपण गप्प बसतो. २०१३ च्या ४ एप्रिलला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. अशा इमारती एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. आसपासचे लोक मजले चढताना पाहत असतात.

धर्माचा दाखला मी सहसा देत नाही, आमच्या चळवळीत त्यावर मतभेद आहेत. पण एक हदीस इथे अगदी जागेवर बसते. रस्त्याच्या रुंदीवरून लोकांत वाद झाला तर रस्ता सात हात ठेवावा, असा निवाडा बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तेव्हा उंट होते, आज अँब्युलन्स आहे; हात मोजायचे असतील तर आजच्या गाडीने मोजा. मुद्दा असा की रस्ता कोणाच्या मर्जीवर सोडला नाही, आकडा दिला. शुफा, म्हणजे भागीदाराला आणि हनफी मतात शेजाऱ्यालाही खरेदीचा पहिला हक्क, हीसुद्धा शेजाऱ्याला कळवण्याचीच रीत आहे. त्याला आपल्या व्यवहाराची खबर असली पाहिजे, हा विचार आपल्याला परका नाही.

मग मागायचे काय? नवी कृपा नको. गुंठेवारीची आणखी एक मुदतवाढ मिळवून देतो म्हणणाऱ्या पुढाऱ्याला फुलांचे हार घालू नका. घातलेच, तर त्याला रस्त्याचे विचारा. मागणी एवढीच असावी की लेआउटमध्ये शिथिलता देण्याआधी लागून असलेल्या मालकांना लेखी कळवावे, नकाशा महापालिकेच्या संकेतस्थळावर ठेवावा आणि ‘कारणे लेखी नोंदवून’ हे जे नियमात आधीच आहे, ती कारणे प्रसिद्ध करावीत. यात भाडेकरूंनाही धरा. न्यू जर्सीतले ते पाकीटसुद्धा फक्त मालकांनाच जाते आणि ती त्या कायद्यातली मोठी फट आहे. हे मिळेपर्यंत हातात जे आहे ते वापरू. विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली हरकती मागवाव्या लागतात, एक महिना असतो. त्या महिन्यात आमच्या किती मोहल्ल्यांतून अर्ज जातात? मोकळ्या जागेवरचे आरक्षण उठते तेव्हा आपण वर्तमानपत्रातली ती जाहिरात वाचतही नाही. आणि हरकत घेताना शेजारी कोण येतो याबद्दल एक अक्षर नको. शहरातल्या दुसऱ्या टोकाच्या सोसायट्या आपल्याबद्दल ते लिहितात. आपण दलित वस्तीबद्दल किंवा नव्याने आलेल्या परप्रांतीय मजुरांबद्दल ते लिहायला लागलो, तर ती बाई आणि आपण एकाच रांगेत.

आम्ही सुरुवात मामूंच्याच लेआउटपासून केली. माहिती अधिकारात मंजूर नकाशा आणि शिथिलतेच्या टिपणीची प्रत मागितली. मामू सही करायला आधी तयार नव्हते. नंतर म्हणाले, नानी गेल्या, आता मला कोणाची भीड? नकाशा मिळाला. त्यात मोकळी जागा हिरव्या रंगात आहे, चांगली मोठी आहे. टिपणीच्या पानावर रस्त्याच्या रुंदीसमोर एकच ओळ आहे: विशेष बाब म्हणून मंजूर. कारण लिहिलेले नाही. आम्ही महापालिकेला आता लेखी विचारले आहे की विशेष काय होते. तीस दिवस झाले, उत्तर नाही. मंगळवारी पहिले अपील दाखल करतो आहोत. ज्या वाचकांच्या लेआउटच्या फाइलीत हीच ओळ असेल, त्यांनी नकाशाची आणि टिपणीची प्रत काढून ठेवावी. नमुना अर्ज आमच्या कार्यकर्त्यांकडे मराठीत आणि उर्दूत मिळेल.